वीतभर माती

आमच्या शहराच्या फुटबॉल स्टेडियममध्ये सोयी भरपूर. मान्यवरांसाठी वेगळा कक्ष आहे आणि त्याच्या बरोब्बर समोर खांब आहे. स्वच्छतागृहं चौदा, त्यातल्या अकरांच्या किल्ल्या सापडत नाहीत. पूर्वेकडच्या पायऱ्यांखाली दोन खोल्या आहेत, तिथं मैदानाचे माळी आणि त्यांचा धाकटा भाऊ राहतात. सचिवांनी छापलेल्या माहितीपुस्तिकेत त्या खोल्या 'अडगळ' म्हणून दाखवल्यात.

धाकट्याला सगळं शहर 'ठण्ण' म्हणतं. चाळीस वर्षांपूर्वी करंडकाच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली होती. धाकट्यानं बॉल मारला. गोलकीपरनं भलतीकडेच उडी घेतली आणि बॉल वरच्या आडव्या दांडीवर आदळला. ठण्ण! आवाज म्हणे बाजारापर्यंत ऐकू गेला. करंडक गेला. जमत आलेलं लग्नही गेलं. मुलीचा बाप म्हणाला, "ज्याला एवढा मोठा गोलपोस्ट दिसला नाही, त्याला संसार काय दिसणार?" लोक काय, टपलेलेच. कुणाच्या हातून ताट निसटलं की सगळे याच्याकडे बघून हसायचे. शेवटी खेळ सुटला आणि तो भावाच्या हाताखाली खुर्च्या पुसायला लागला.

गेल्या मंगळवारी एक मोजणीवाली बाई आली. मोठे सामने भरवायची परवानगी हवी होती, त्यासाठी तपासणी होती. तिच्याकडे लाल ठिपका टाकणारं यंत्र होतं. तिनं गोलपोस्ट मोजला. परत मोजला. यंत्र झटकलं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"माळीकाका, तो गोलपोस्ट नऊ इंच बुटका आहे."

"यंत्र बिघडलंय तुमचं."

"आणि हाही नऊ इंच बुटका आहे."

"बघा! दोन्ही सारखे आहेत ना? मग तक्रार कसली?"

"तुम्ही कशानं मोजता?"

माळ्यांनी लोखंडी पाइप आणून दाखवला.

"हा कुठल्या मापानं कापला?"

"जुन्या काठीच्या," माळी म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं.

ती काठी मुळात नियमाप्रमाणे आठ फुटांची. ओलीत उभी राहून खालून कुजायची. माळी टापटिपीचे, दरवर्षी कुजकं टोक बोटभर कापून टाकायचे. मग काठी गोलपोस्टात उभी करायची, तर वर बोटभर फट. म्हणजे खालची माती झिजली! टाक माती, धुमसानं ठोकून बसव, की काठी दांडीला टेकली. असं बारा वर्षं चाललं. गोलपोस्टापाशी चढ लागतो असं खेळाडू सांगायचे, तर प्रशिक्षक म्हणायचे, "ते मनावरचं दडपण असतं." करंडक हरल्यावर कमिटीनं आधुनिकीकरण केलं. काठी फेकून दिली आणि तिच्याच मापाचा पाइप आणला.

सचिवांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कुठं बोलू नका. पुस्तिका छापून झालीय."

माळी दोन दिवस नीट जेवले नाहीत. सांगितलं तर भावावरचा डाग धुऊन निघणार होता. पण त्याला बुडवलं कुणी, तेही त्याला कळणार होतं.

गुरुवारी दुपारी धाकटाच खुर्ची पुसता पुसता म्हणाला, "दादा, जेवण का टाकलंस? दाढ दुखतेय का?"

"धाकट्या, तुझा तो बॉल..."

"आता तूही सुरू हो. तेवढंच राहिलं होतं."

"गोलपोस्ट बुटका होता. नऊ इंच. मी केला तो."

आणि त्यांनी काठी, माती, पाइप, सगळं सांगितलं. धाकटा ऐकत एकच खुर्ची पुसत राहिला.

"नऊ इंच म्हणजे केवढं?"

माळ्यांनी पंजा ताणून वीत दाखवली. धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे आत होता."

"आत होता."

धाकट्यानं फडकं खाली टाकलं, शर्टाची वरची गुंडी लावली. "चल. सांगून येऊ."

"कुणाला?"

"तिच्या वडलांना."

"ते जाऊन वीस वर्षं झाली रे."

"मग आपल्या कॅप्टनला."

"त्याला पोचवायला आपण दोघंच तर गेलो होतो."

"प्रशिक्षक आहेत की!"

"आहेत. पण माणसं ओळखत नाहीत. परवा पोटच्या पोराला रेफरी समजून शिव्या घातल्या."

धाकट्याला हसू आलं, आलं तसं गेलं. मग हळूच म्हणाला, "आणि तिला?"

"सांगता येईल. पण ती विचारेल, मग मी आता काय करू?"

बाहेर नळीचं पाणी गवतावर पडत होतं. धाकटा खुर्चीच्या काठावर टेकला.

"सामन्याच्या आदल्या दिवशी तू दोन पाट्या माती जास्त टाकली होतीस. मला आठवतंय, मीच पाटी धरली होती. ती कशाला?"

"गोलपोस्टापुढं तुझा पाय घसरू नये म्हणून."

"अच्छा," धाकटा म्हणाला.

तो उठला. आत जाऊन गादी गुंडाळली, उशी काखेत मारली.

"कुठं निघालास?"

"पाहुण्या संघाच्या खोलीत."

"अरे, तिथं पंखा नाही. मला शिव्या दे हवं तर, चार थोबाडीत मार."

"दादा, वाट सोड."

माळी बाजूला झाले.

तासाभरानं ते ताट वाढून त्या खोलीपाशी गेले. दार ढकललं, उघडेना. त्या दाराला आतून कडी आहे हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.