फेस थांबेपर्यंत

मोताळ्याच्या आठवडी बाजारात पुंजाजीचं दुकान शोधायला पत्ता लागत नसे, नाक असलं की भागे. निळ्या कॅनचं बूच त्यानं जरा ढिलं केलं की पांढरी वाफ निघायची आणि शेजारची कांदेवाली कांदा न कापताच डोळे पुसायची. त्या वाफेनं त्याच्या मोटरसायकलचं मडगार्ड असं खाल्लं होतं की, तो राजूर घाट उतरला की मागं गंजाची लाल रांगोळी पडे. रस्ता चुकलेले पाहुणे म्हणे त्या रांगोळीवरून गाव शोधत येत.

पुंजाजी फरशीचं अ‍ॅसिड विकायचा. माल खरा, पण खपायचं ते तोंड.

"हे मिठाचं लेकरू हाय, बापहो! मिठाच्या पान्यात वीज सोडतात, तवा दोन वायू निघतात. त्यायले पेटवून एक करतात अन् पान्यात मुरवतात. तुमच्या पोटातबी हेच हाय, नाई तं कालची भाकर आज पचली असती का?"

मग एक पांढरी पडलेली फरशी पुढं घेऊन तो वर चार थेंब सोडी. चर्र करून फेस यायचा.

"हे पाय! फेस आला म्हंजे मळ निघाला. फेस थांबला म्हंजे फरशी साफ. तोवर ओतत राहा."

शेगावच्या लॉजवाल्यांपासून ठिबकच्या नळ्या चोंदलेल्या शेतकऱ्यांपर्यंत सगळे हे वाक्य घेऊन घरी जात. आमच्याकडं बोअरचं पाणी चुन्यानं एवढं जड की बादली रिकामी केली तरी अर्धी भरलेली वाटते. त्यामुळं त्या वाक्याला मरण नव्हतं. पुंजाजी तर झोपेतही तेच बोले.

त्या वाक्यानंच त्याचा घात केला.

गावात पंजाबराव मास्तरांनी काढलेलं वाचनालय होतं. त्याच्या ओट्याच्या कडेला संगमरवराची एक लादी आडवी बसवली होती. तिच्यावर उठावाची अक्षरं होती: 'या. बसा. वाचा.' आणि खाली 'पंजाबराव'. मास्तरांनी खडूनं लिहिलं आणि कारागिरानं त्यांच्या वळणाबरहुकूम कोरलं, तिरक्या कान्यासकट. मास्तरांची बायको सिंधूताई लग्न होऊन आली तेव्हा अंगठा उठवायची. मास्तरांनी तिचं बोट धरून ह्याच अक्षरांवरून फिरवलं आणि तिला वाचायला शिकवलं. आता मास्तर नव्हते आणि काचबिंदूनं ताईंची नजरही नेली होती. पण रोज सकाळी त्या ओट्यावर येऊन बसायच्या, बोट फिरवायच्या, शेवटच्या 'व'पाशी थोडं थांबायच्या आणि घरी जायच्या.

ओट्याजवळच नळ. त्याच्या शिंतोड्यांनी लादीवर पिवळट खपली धरली होती. मास्तरांचा स्मृतिदिन जवळ आला तसा पुंजाजी म्हणाला, "वयनी, दगड आरशावानी करून देतो."

"राहू दे भाऊ. मले दिसत नाई अन् बोटाले मळाचं काही वाटत नाई."

"मास्तरनं मले शिकवलं हो. एवढंबी नको करू का?"

ताई काही बोलल्या नाहीत. पुंजाजीनं त्याचा अर्थ हो असा घेतला. विक्रेत्याचा कान तसाच असतो.

स्मृतिदिनाच्या आदल्या दुपारी ओट्यावर कोणी नव्हतं. पुंजाजीनं अ‍ॅसिड ओतलं. फेस आला. खपली गेली, दगड पांढराशुभ्र दिसला, पण फेस थांबेना. त्यानं अजून ओतलं, काथ्यानं घासलं. फेस उलट खुशीत आल्यासारखा वर यायला लागला. 'लयच मळ हाय' म्हणत पुंजाजीनं अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं पोतं लादीवर अंथरलं, जरा जरा वेळानं वरून पाजत राहिला आणि शेवटी उरलेला कॅन उपडा करून जेवायला गेला. पिठलं-भाकरी झाली, वर एक डुलकीही झाली.

येऊन त्यानं पोतं उचललं, बादलीभर पाणी मारलं आणि उभ्या जागी गार पडला. लादी होती. अक्षरं नव्हती. त्यांच्या जागी चोखून टाकलेल्या खडीसाखरेवर असतात तसे चार-दोन उंचवटे.

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. पाण्याची खपली चुन्याची आणि संगमरवर तरी कशाचा? तोही चुन्याचाच भाऊबंद. फेस मळ संपल्यावर थांबणार नव्हता, दगड संपल्यावर थांबणार होता.

रंगाऱ्याकडून काळा रंग आणून त्यानं सपाट दगडावरच अक्षरं रंगवली. दुसऱ्या दिवशी हार पडले, भाषणं झाली, 'वा, काय चमकला दगड' असंही लोक म्हणाले. डोळे असणारे सगळे फसले.

मग ताई आल्या. बोट टेकवलं. पुढं नेलं, मागं आणलं.

"भाऊ, अक्षरं कुठं गेले?"

आयुष्यभर पुंजाजीचं खोटं कोणाच्या अंगाला लागलं नव्हतं. हसून लोक घरी जात. सवयीनं जीभ हलली.

"वयनी, तुमचंच बोट हो! इतके वर्सं रोज फिरवलं, झिजले. वरून मळ होता म्हून समजत नव्हतं. मेहकराकडं एका म्हातारीनं हात लावू लावू अख्खा उंबरठा पातळ केला, मंग बोटाचं काय घेऊन बसल्या!"

ताईंनी तव्यावरून उचलावा तसा हात उचलला. पदरात घेतला. सुनेचा खांदा धरून घरी गेल्या.

त्यानंतर त्या ओट्यावर आल्या नाहीत. पुंजाजी सकाळी त्या वाटेनं चक्कर मारी. ओटा रिकामा. एके दिवशी नळावर सून भेटली, मंजुश्री.

"आईले बरं नाई का वं?"

"बोटाले चिंधी बांधून बसल्या, काका. वरणातबी घालत नाईत. म्हनतात, याच बोटानं मास्तरचं नाव पुसलं म्या."

पुंजाजीच्या पोटातलं अ‍ॅसिड घशाशी आलं.

पुढच्या बाजारी त्यानं फरशी मांडली, थेंब सोडले, चर्र झालं आणि त्याला ओटाच ऐकू आला. तोंडातून निघालं, "फेस आला की थांबा, बापहो. आधी पाहा दगड कोन्ता हाय. संगमरवराले तं लावूच नका." पुंजाजी बाजारात पहिल्यांदाच खरं बोलला आणि त्या दिवशी एक बाटली खपली नाही. कांदेवाली म्हणाली, "काऊन बे पुंज्या, ताप आला का?"

त्यानं कॅन बांधला आणि थेट ताईंच्या अंगणात मोटरसायकल लावली. ताई खाटेवर होत्या, बोटाला चिंधी.

"वयनी, जरा कान द्या."

खिशातून संगमरवराचा तुकडा काढून त्यानं जमिनीवर ठेवला आणि वर थेंब सोडले. चर्र... ताईंनी मान वळवली. आवाज चालूच राहिला.

"कायचा आवाज हाय?"

"संगमरवर. मी त्याच्यावर अ‍ॅसिड टाकून राह्यलो."

"थांबते कवा?"

"अ‍ॅसिड संपलं का, नाई तं दगड संपला का." पुंजाजीनं अजून एक थेंब सोडला. "तुमच्या बोटानं त्या लादीचं काही झालं नाई, वयनी. म्या केलं. पोतं टाकून जेवाले गेलो व्हतो."

खाली फेस चालूच होता. मग ताईंनी दातांनी चिंधीची गाठ सोडली.

"दगड गेला त्याचं नाई वाटत मले. माह्या हाताले काऊन दोष लावला?"

"जीभ सवयीनं..."

"सवय नाई ते. भेव व्हतं. मास्तर असते तं छडी घेतली असती."

"घ्या ना. हानाच मले."

"माह्यापाशी छडी नाई." ताई उठल्या. "चाल ओट्यावर."

ओट्यावर बसून त्यांनी पुंजाजीचं बोट घट्ट धरलं, मास्तर धरत तसं, आणि गुळगुळीत दगडावर नेमक्या जागी टेकवलं.

"इथं 'या' व्हता. इथून काना. तुया म्हन्यानं बोटानं दगड झिजते ना?"

"वयनी, ते तं म्या..."

"झिजते का नाई?"

"...झिजते."

"मंग अक्षर सोडून भोवतालचा झिजव. अक्षर आपोआप वर येईन. रोज ये. चुकला तं मी हाय इथं."

तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर दोघं दिसतात. ताई त्याचं बोट धरून रेघ दाखवतात, मधूनच आपलंही बोट फिरवून घेतात आणि 'व'पाशी थांबतात. माफ केलं असं त्यांनी अजून म्हटलेलं नाही आणि विचारायची पुंजाजीची छाती होत नाही. तो खाली मान घालून घासतो. त्याच्या बोटाचा ठसा पार उडाला, म्हणून रेशनच्या मशीननं त्याला ओळखायचं सोडलं.

आणि 'या'चा काना, तुम्ही हसाल, पण केसभर वर आलाय. विश्वास नसेल तर ओट्यावर जाऊन हात लावून पाहा. मात्र सकाळी जाऊ नका, तेव्हा जागा रिकामी नसते.