चुलीजवळची जागा

डॉक्टरीणबाईंनी चंद्रकलेच्या केसांत भांग पाडला, तिथं पांढरा चिकट लेप लावला आणि त्यावर एकेक वायर बसवायला घेतली. बाकावर बसलेली शकुन ते बघत मनातून जळत होती. हे केस सकाळी तिनंच शिकेकाईनं धुऊन दिले होते. तिच्या स्वतःच्या डोक्याला कुणी मायेनं हात लावल्याचं तिला आठवेना.

एक्याऐंशी सालची गोष्ट. या डॉक्टरीणबाई नागपूरहून मशीन घेऊन पवनीच्या दवाखान्यात आल्या होत्या. मिरगीचा झटका मेंदूत नेमका कुठं सुरू होतो, याचं संशोधन करत होत्या. शकुनला मात्र एवढंच हवं होतं, की मशीननं आपल्या धाकट्या जावेचं सोंग उघडं पाडावं.

सोंगच ते, दुसरं काय! लग्न होऊन आली आणि महिन्याभरात अंगणात पडून हातपाय झाडले. तेव्हापासून सासूनं, सत्यभामाबाईंनी, तिची चूल बंद केली, विहीर बंद केली, भाताच्या रोवणीला बांधीच्या चिखलात उतरणंही बंद केलं. आगीपाण्याची भीती म्हणे! दोघींचं काम एकटीच्या गळ्यात पडलं. शकुनच्या पायांना चिखल्या झाल्या, आणि चंद्रकलाराणी ओसरीत बसून तांदूळ निवडणार.

मशीनची पेनं कागदाच्या लांब पट्टीवर बारीक रेघा ओढत राहिली. मग वायरी निघाल्या. चंद्रकला शेजारच्या मोरीत लेप धुवायला गेली.

"पट्टी साफ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शकुन उठलीच. "म्हणजे काही नाही नं हिले?"

"तसं नाही. दोन झटक्यांच्या मधे रेघा कधीकधी अगदी चांगल्या येतात. दुखणं असतंच. गोळी चुकवू नका, आणि आगीपासून जपा."

आसगावला घरी पोचताच सासूनं विचारलं, "काय निंगलं मशीनमधे?"

"पट्टी साफ हाय म्हणे," शकुन म्हणाली. पुढचं तिनं गिळलं.

"म्हणजे बरी हाय तं! उद्यापासून बस चुलीजवळ, चंद्रकले."

दुसऱ्या दिवशी शकुन हक्कानं लोळत पडली. पण झोप कुठली! शेवटी उठून ती रांधणीत गेली. चंद्रकला फुंकणीनं जाळ करत होती. तोंड लाल झालेलं, पदर जमिनीवर लोळत होता.

"ऊठ तू. मी पाहतो."

"काहून?"

"डॉक्टरीणबाईनं आखीन काही सांगतलं होतं."

"मालूम हाय. मोरीतून आयकलं मी."

शकुननं फुंकणी घ्यायला हात पुढं केला.

"सांगू नका कोणाले, बाई," चंद्रकला हलक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या हातचं सारे मांगून मांगून जेवतेत. मी ओसरीतून पाहतो अन् जळतो. मलेबी कोणी म्हणावं, आखीन वाढ."

बाहेरून सासूची हाक आली, "शकुन, बाया निंगल्या रोवणीले!"

शकुन खाली बसली. लोळणारा पदर तिनं उचलून मुठीत धरला. चंद्रकलेनं कालवणाचा थेंब तिच्या दुसऱ्या तळहातावर टाकला.

शकुननं चाखून पाहिलं. तिच्या स्वतःच्या हातच्यापेक्षा चांगलं झालं होतं. तिला पुन्हा हेवा वाटला, पण मुठीतला पदर तिनं सोडला नाही.