आठ वाजून बारा मिनिटांचा फोन

ठमीची व्हॅन सकाळी आठला कोपऱ्यावरून वळली की तिच्या आईच्या जिवाची घालमेल सुरू होई. व्हॅनचे मागचे लाल दिवे दिसेनासे झाले की ती स्वयंपाकघरात येई, ओट्यावरचा फडका उगाच दोनदा पिळी, चहा गाळी आणि न पिताच झाकून ठेवी. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राही. पाच वर्षांची पोर! दाराची कडी नीट लागली असेल ना? पुलाखालच्या वळणावर तो मोठा ट्रक उभा असतो, तो आजही असेल का?

आठ बाराला तिचा धीर सुटे आणि ती फोन लावी.

"दादा, कुठवर पोहोचलात?"

"आलोच ताई, पुलाखालच्या वळणावर आहे. ठमी मजेत आहे."

"बरं बरं. सावकाश चालवा हं!"

मग कुठे तिला चहा आठवे. ठमीचे बाबा सातलाच कामावर जात, पण बायकोचं हे वेड त्यांना पाठ होतं. "पोरगी शाळेत जायला लागल्यापासून तू श्वास सव्वाआठनंतरच घेतेस," ते चिडवत.

"तुम्हाला चिडवायला काय जातंय? खिडकीत मी उभी असते!" ती फणकारे.

आणि खरंच, यात वावगं ते काय होतं? वर्षाच्या सुरुवातीला याच व्हॅनदादाने दोन दिवस फोन उचलला नव्हता, तेव्हा ती तडक शाळेत जाऊन तक्रार करून आली होती. "मुलं ज्याच्या हवाली करायची, तो साधा फोन घेत नाही म्हणजे काय?" शाळेने दादाला समज दिली. तेव्हापासून तो पहिल्या रिंगला 'हो ताई' म्हणू लागला. बोलल्याशिवाय कुणी सुधारत नाही बाई, असं तिने नंतर मैत्रिणींना कितीदा तरी ऐकवलं होतं.

त्या सोमवारी पालकांच्या ग्रुपवर शाळेने एक फोटो टाकला. कुणा सायकलवाल्याने चालत्या व्हॅनच्या बाजूने काढलेला. व्हॅनदादाचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन, आणि मागच्या सीटवर एक पिवळा हेअरबँड. ठमीचा!

ग्रुपवर नुसता आगडोंब उसळला. 'हाकलून द्या', 'पोलिसांत द्या', 'आमचा तर आधीपासूनच विश्वास नव्हता'. (तसं असेल तर आधीपासून मुलं पाठवत का होतात, हे कुणी विचारलं नाही.) सगळ्यांत लांबलचक मजकूर ठमीच्या आईने लिहिला: 'आपण आपल्या काळजाचे तुकडे याच्या हाती देतो आणि हा गप्पा मारतो? रोज कुणाशी बोलायचं असतं याला एवढं?' त्यावर तेवीस जणांचे अंगठे आले.

मुख्याध्यापिका बाईंनी शनिवारी बैठक बोलावली आणि तोवर दादाला शेवटची ताकीद दिली. पण तेवढ्यावर गप्प बसणारी ठमीची आई नव्हती. तिला लेखी तक्रार हवी होती. फोटो काढणारा माणूस साऱ्या भागाला माहीत होता. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते, साठीच्या पुढचे. सायकलवरून दुकानात जाता-येता सिग्नलला थांबलेल्या गाडीत कुणी फोनवर दिसला, की ते काचेवर बोटाच्या पेराने टकटक करत आणि म्हणत, "साहेब, फोन ठेवा." न ऐकणाऱ्याचा फोटो काढून कळवत. लोकांनी त्यांचं नावच टकटक काका पाडलं होतं.

मंगळवारी ती त्यांच्या कपाटाएवढ्या दुकानात गेली. काका डोळ्याला भिंग लावून चिमट्याने काहीतरी धरून बसले होते.

"काका, तो फोटो तुम्हीच काढलात ना? फार उपकार झाले. आता एक लेखी तक्रार द्या, त्याला व्हॅनवरून काढूनच टाकू."

काकांनी मान वर केली नाही. "बसा. ही केसाएवढी स्प्रिंग आहे. मी आता बोललो तर उडेल, आणि मग तुम्हालाच जमिनीवर रांगत शोधायला लावीन."

ती बसली. स्प्रिंग जागेवर गेली तसं काकांनी भिंग काढलं. "मला एका वेळी दोन कामं जमत नाहीत. चाळीस वर्षं झाली, अजून जमत नाहीत. आणि हे लोक एका हाताने गाडी हाकतात, दुसऱ्या हाताने संसार."

तिला हसू आलं. "लोक काय वाट्टेल ते बोलत असतील ना तुम्हाला?"

"बोलतात की. परवा एकाने काच खाली करून विचारलं, 'आजोबा, तुम्ही पोलीस आहात का?' म्हटलं, 'नाही हो. तुमच्या गाडीखाली येणारा माणूस आहे. तोंड बघून ठेवा, पुढे ओळख पटवायला बरं.'"

बोलता बोलता त्यांनी खणातून एक वही काढली. "तक्रार देतो. पण आधी हे वाचा."

व्हॅनचा नंबर आणि पुढे गेल्या आठवड्यातल्या वेळा. मंगळवार, ८.१२. बुधवार, ८.१२. गुरुवार, ८.११. शुक्रवार, ८.१२.

"वळणावर रोज त्याची-माझी गाठ पडते. माझ्या घड्याळात मिनिटाची चूक नाही. एकदा मी त्याची काचही ठोठावली. शरमला बिचारा. म्हणाला, 'काका, फोन उचलला नाही म्हणून माझी एकदा तक्रार झालीय. आता उचलला म्हणून तुम्ही करा.'"

ठमीच्या आईने पर्समधून फोन काढला. उघडून बघायची गरज नव्हती, तरी तिने तो उघडला. मंगळवार, ८.१२. बुधवार, ८.१२...

काका आपल्याच नादात बोलत होते. "अगं पोरी, फोनवर बोलायला दोन माणसं लागतात. माझ्या फोटोत एकच मावतो. पलीकडचं कोण, मला काय कळणार? पण त्या पलीकडच्याला तर ठाऊक असतं ना, की आपण चालत्या गाडीत फोन लावतोय? त्याची काच ठोठावायला मी कुणाच्या घरी जाऊ?"

'काका, मीच ती.' एवढे तीनच शब्द होते. तिने ते गिळले.

"येते काका," ती म्हणाली आणि तक्रार न घेताच पायऱ्या उतरली.

आता फोन करायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं. कुणाला काही सांगितलं मात्र नाही. ग्रुपवरचा आपला मजकूरही तसाच राहू दिला. बुधवारी आठ बाराला ती ओट्याची कड धरून उभी राहिली. गुरुवारीही. काही झालं नाही. ठमी दुपारी हसत घरी आली.

शुक्रवारी आठ दहाला रस्त्यावरून सायरन वाजवत एक ॲम्ब्युलन्स गेली. पुलाच्या दिशेने.

'आजची गोष्ट वेगळी आहे,' तिचं मन म्हणालं. 'फक्त एकदा. फक्त आज.'

रिंग वाजत राहिली. दादाने फोन उचलला नाही. का नाही उचलला? रोज तर पहिल्या रिंगला उचलतो! तिने कट करून पुन्हा लावला.

"हो ताई, आम्ही वळ..."

मग पत्रा घासल्याचा आवाज. काहीतरी धाडकन आपटलं. आणि मुलांची किंकाळी!

फोन चालूच होता. त्या किंकाळीतून एकटी ठमी वेगळी काढायचा प्रयत्न करत ती तशीच घरातल्या चपलांवर धावत सुटली.

वळणावर व्हॅन भिंतीला तिरकी टेकली होती. मुलं फुटपाथवर ओळीने बसवलेली होती. एकालाही खरचटलं नव्हतं. सायकल मात्र पुढच्या चाकाखाली पापडासारखी चेपली होती आणि टकटक काका भिंतीला पाठ लावून बसले होते. उजवा हात मांडीवर. कुणीतरी त्याला गुंडाळलेलं फडकं भिजून काळंलाल झालं होतं. शेजारी व्हॅनदादा उकिडवा बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. ती ॲम्ब्युलन्स भलत्याच कुणासाठी, केव्हाच पुलापलीकडे निघून गेली होती.

तिने ठमीला उचलून घट्ट धरलं. ठमी तिच्या कानाशी म्हणाली, "आई, फोनमध्ये तू होतीस ना? दादा म्हणत होते, आता नको, आता नको. मग परत वाजला. मग त्यांनी घेतला."

शनिवारी शाळेच्या वर्गात पालक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. काकांची दोन बोटं गेली होती. अंगठा राहिला होता, पण त्यात पूर्वीची पकड येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. व्हॅनदादा दाराशी उभा होता. एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"लाज कशी वाटत नाही याला!" पुढच्या बाकावरचे एक वडील ओरडले. "शेवटची ताकीद दिली होती ना? तरी फोन!"

"कुणाचा फोन होता?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

दादाने मान खाली घातली. "कुणाचा का असेना बाई. मी उचलायला नको होता. चूक माझी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

ती उभी राहिली. बाक करकरला.

"फोन माझा होता."



"दादांनी पहिल्यांदा उचलला नाही. मी परत लावला. रोज लावायचे, आठ बाराला. ते उचलत नाहीत म्हणून वर्षाच्या सुरुवातीला तक्रारसुद्धा मीच केली होती. आणि हे सगळं कळल्यावरही मी गप्प बसले! त्यांना शिक्षा व्हायची ती होऊ दे, पण फोटोत अर्धाच गुन्हा दिसतो. उरलेला अर्धा माझा आहे. पोलिसांनाही मी हेच सांगणार आहे." ती पालकांकडे वळली. "आता तुम्हीही आपापले फोन काढून बघा. सकाळी आठ ते साडेआठ."

मग ओरडणाऱ्या त्या वडिलांनीच खिशातून फोन काढला, अंगठ्याने वर सरकवत गेले, आणि तो बाकावर पालथा ठेवला. मागून आणखी एक फोन पालथा पडला. मग आणखी एक!

व्हॅनदादाचं काम गेलं, आणि ते योग्यच होतं. चालवणाऱ्याची चूक कुणाच्या रडण्याने धुऊन निघत नाही. नव्या ड्रायव्हरचा फोन आता बंद होऊन मुलांसोबतच्या मदतनीस बाईंच्या पिशवीत जातो, आणि व्हॅन सुटल्यावर फोन करणार नाही, असं प्रत्येक पालकाने लिहून दिलं आहे.

ठमीची आई दवाखान्यात गेली. सगळं सांगून झाल्यावर खाली मान घालून उभी राहिली. काकांनी ऐकून घेतलं. मग तिच्या मनगटाकडे बघत म्हणाले, "तुझं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. दुकानात आण, म्हणालो असतो." त्यांनी पट्ट्यांनी बांधलेला हात जरासा उचलला आणि खाली ठेवला. "मी माफ करतो की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. पण माझ्याच्याने आता काच ठोठावली जायची नाही. ती तू ठोठाव. आतल्या बाजूने."

तेव्हापासून ती ते करते आहे. फोनवर पलीकडून हॉर्न ऐकू आला, की नवरा असो, आई असो वा कामावरचे साहेब, ती विचारते, "गाडीवर आहात? ठेवते. पोहोचल्यावर बोलू." लोक हसतात, रुसतात. हसोत, रुसोत.

वाचकहो, रस्त्यावरच्या ड्रायव्हरच्या कानाला फोन दिसला की आपण संतापतो, आणि संतापायलाच हवं. पण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बहुधा कुणाचं तरी घर असतं. तुमचं किंवा माझं. ठमीची आई आजही आठ बाराला ओट्याशी उभी असते. फोन बंद करून खणात ठेवलेला असतो, चहा निवत असतो, आणि छाती तशीच धडधडत असते. ती धडधड तिची आहे, तिनेच सोसायची. चालत्या गाडीतल्या माणसाच्या कानात ती ओतायची नाही. हे तिला कळलं, पण एका माणसाच्या हाताची किंमत देऊन. आपल्याला तरी ते फुकट कळू दे!