वीतभर लाल माती

प्रयोगशाळेत सगळे तिला चाळणीबाई म्हणत. हे नाव ठेवणारा केव्हाच निवृत्त झाला, नाव मात्र चिकटून राहिलं. समुद्राच्या तळात लांब नळी खुपसून गाळ काढून आणतात. तो गाळ धुवायचा, बारीक चाळणीतून काढायचा आणि मागे उरलेली, समुद्रातल्या सूक्ष्म जिवांची मिठाच्या कणाएवढी कवचं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायची, हे तिचं काम. एकवीस वर्षं ती तेच करत होती. मानेचं दुखणं त्यातलंच.

त्या दिवशी तिचा दादा पहिल्यांदाच तिच्या कामाच्या जागी आला. खाडीच्या तोंडाशी त्याची हॅचरी होती. टाक्यांत कालवांची पिल्लं वाढवून तो ती कालवं पिकवणाऱ्यांना विकायचा. आल्या आल्या त्याने एक जाडजूड अहवाल तिच्या टेबलावर आपटला.

"तिसरी खेप गेली," तो म्हणाला. "दोन दिवसांची पिल्लं. कवच धरायच्या आतच संपली. पाणी आंबट होत चाललंय म्हणतात. आणि तुझे लोक काय लिहितायत बघ. पान एक्केचाळीस."

खाडीपलीकडे होऊ घातलेल्या गॅस प्रकल्पाचा तो अहवाल होता. एका वाक्याखाली दादाने पेनाने इतकी जोरात रेघ ओढली होती की कागद फाटला होता. 'समुद्राने प्राचीन काळी याहून मोठी तापमानवाढ व आम्लता सहन केली असून तो पूर्ववत झाला आहे.' खाली आधार म्हणून तिच्याच प्रयोगशाळेचं नाव, आणि बारीक अक्षरांत 'मोजणी' म्हणून तिचं.

"हे तू सांगितलंस?"

"मी मोजलं फक्त."

"मग नीट मोजायचं होतंस," असं म्हणून तो जिना उतरून गेलाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच, ओल्या हातांनी, संचालकांच्या खोलीत शिरली. सर चष्मा पुसत होते.

"सर, दीड लाख वर्षं कुठे गेली?"

"कसली?"

"समुद्राला सावरायला लागलेली. आपल्या अहवालात होती, या वाक्यात नाहीत."

"अहो बाई, लोकांना समजेल असं लिहावं लागतं. यातला एकतरी शब्द खोटा आहे का?"

"नाही. म्हणूनच तर संताप येतोय. खोटं असतं तर खोडता आलं असतं."

"त्या कंपनीचा सल्लागार मी आहे, तुम्ही नाही."

"मग माझं नाव काढा त्यातून."

"लगेच काढतो," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं हायसं वाटलेलं दिसलं की तिला आपली चूक उमगली. नाव गेलं की तिला बोलायला जागाच उरणार नव्हती, हे तर त्यांच्या पथ्यावरच पडत होतं.

"राहू द्या," ती दारातून म्हणाली. "नाव राहू दे. बाकीचं मी बघते."

चार दिवसांनी प्रकल्पाची जाहीर सुनावणी होती. शीतगृहातून नमुने बाहेर न्यायला बंदी होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, तो नियम तिनेच टाइप केला होता. तरी तिने हातभर लांबीचा, उभा चिरलेला गाळाचा नमुना प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून सभागृहात नेला. पहिल्या रांगेत सर होते, शेवटच्या रांगेत दादा.

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"गाळ चाळते. पान एक्केचाळीसवर माझं नाव आहे."

"तीन मिनिटं."

तिने नमुना त्यांच्या टेबलावर ठेवला. "खालचं पांढरं दिसतंय ना? ती सगळी कवचं. चिमूटभर घेतलं तर शेकडो निघतात. मग ही रेघ बघा, सुरीने कापल्यासारखी. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून कार्बन बाहेर पडला, काही हजार वर्षं पडत राहिला. समुद्र तापला, आंबला. त्याची ही वीतभर लाल माती. चार महिने चाळली मी ती. एक अख्खं कवच मिळालं नाही, सगळी विरघळून गेलेली. खोल तळावरच्या या जिवांपैकी जवळजवळ निम्म्या जाती कायमच्या गेल्या. वर पुन्हा पांढरं होतंय, खरंय. सर म्हणतात तसा समुद्र सावरला. त्याला दीड लाख वर्षं लागली. आणि तेव्हा कार्बन आजच्यापेक्षा कितीतरी सावकाश आला होता."

कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "बाई, दीड लाख वर्षांनी आपण कुणीच नसू."

सभागृह हसलं. सरही हसले. तिचा आवाज चढला.

"हसताय काय? तो मागे बसलाय ना, तो माझा भाऊ. त्याची पिल्लं परवा मेली. पुढच्या हंगामाला त्याने दीड लाख वर्षं थांबायचं का?"

हशा थांबला. घंटा वाजली. वेळ संपली होती.

बाहेर पायऱ्यांवर दादाने तिला गाठलं. शाबासकीसाठी नाही.

"मला बिचारा केलंस सगळ्यांपुढे. उद्या माझ्याकडून पिल्लं कोण घेईल?"

"आणि मी गप्प बसले असते तर?"

"तेही चाललं नसतं," तो चिडून म्हणाला आणि चालू लागला. तीही चिडून उलट दिशेने गेली.

महिन्याभरात निकाल लागला. प्रकल्प मंजूर. बाईंच्या हरकतीची 'योग्य दखल' घेतली होती. वाक्यात दोन शब्द घातले होते. समुद्र 'दीर्घ कालावधीनंतर' पूर्ववत झाला आहे. ते वाचून तिने हातातली चाळणी अशी भिरकावली की ती बेसिनच्या कडेवर आपटून वाकली.

नमुना परवानगीविना नेल्याबद्दल नोटीस आली, आणि बदली ग्रंथालयात. आवरायला तिला दोन दिवस मिळाले. त्या दोन दिवसांत तिने लाल मातीची सगळी मोजणी, थर न् थर, शून्य न् शून्य, छापून काढली आणि मंजुरीविरुद्धच्या अपिलासोबत स्वतःच्या पूर्ण नावाने दाखल केली. शून्यांचीच सात पानं झाली. पोचपावती देणारा कारकून म्हणाला, "बाई, यात तर काहीच नाही."

"तेच तर दाखवायचंय," ती म्हणाली. त्याने शिक्का मारला.

दादाचा फोन आला तो पावसाळा उलटल्यावर. टाक्यांतल्या पाण्यात सोडा घालून तो आता आंबटपणा मारत होता.

"निम्मी जगली," तो म्हणाला.

"निम्मी मेली."

"तुझं तोंड..." तो हसला. "टाकीत मी सोडा घालतो गं. बाहेर कोण घालणार?"

तिच्या टेबलावर अपिलाच्या तारखेचं पत्र होतं. तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली होती.

"तू येणारेस का त्या दिवशी?" तिने विचारलं.

"येतो," दादा म्हणाला. "पण बिचारा म्हणायचं नाही. या वेळी मी बोलणार."