चौथं चाक

१९९३ साली लखनौच्या आमच्या शेडमधली वाफेची इंजिनं बंद झाली, तेव्हा बखलेसाहेबांनी डब्ल्यूपी या प्रवासी गाड्यांच्या इंजिनाचं पितळी मॉडेल करून घेतलं. तीस वर्षं तेच इंजिन चालवणाऱ्या नईम मियाँना ते निरोप समारंभात द्यायचं होतं. साहेब इंजिनिअर होते, पण इंजिनाजवळ सहसा जात नसत. बुटांना काजळी लागायची.

मी ड्रॉइंग ऑफिसात होते. मॉडेल पाहताच मी म्हणाले, "सर, समोरचं गोल नाक बरोबर आहे, पण डब्ल्यूपीला एका बाजूला मोठी चाकं तीन असतात. इथे चार आहेत. ही मालगाडीच्या इंजिनाची ठेवण झाली."

"विनीताबाई, चाकं कोण मोजत बसतंय?" म्हणत त्यांनी मॉडेल रुमालाने पुसलं. असल्या माणसाला मी सात वर्षं सर म्हणत होते.

समारंभात नईम मियाँनी मॉडेल हातात घेतलं, बोटाने चाकं मोजली आणि विचारलं, "साहब, ये कौन-सा इंजन है?"

साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे हात केला. "मॉडल इन मैडम ने देखा था."

मला राग नाही, किळस आली. उभी राहून म्हणाले, "देखा था, और बताया भी था कि पहिए चार हैं. साहब बोले, कौन गिनता है!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नईम मियाँनी मॉडेल साहेबांपुढे ठेवलं. "इसे आप ही रखिए, आप पर जँचेगा."

मग ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. साहेबांनी भाषण पुढे चालू केलं. कुणी ऐकत नव्हतं.