मनकर्णाच्या गळ्यातली सुई

मी सुई बोलतेय, पण कपडे शिवणारी नव्हे हो! माझं अंग निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचं, पोटात चिमूटभर रेडियम. सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात ते भरून माझं तोंड बंद केलं आणि मी चांद्याच्या दवाखान्यात आले. कर्करोगाच्या गाठीत मला टोचायचं, माझ्या किरणांनी गाठ जळायची. मग दोऱ्याला धरून मला उपसायचं आणि शिशाच्या डबीत ठेवायचं.

लोकांना वाटतं, धातूला काय होतंय! अहो, जे दुसऱ्याला जाळतं ते घरच्याला सोडतं होय? रेडियमचे कण माझ्या आतल्या भिंतीवर सारखे आदळतात. धातूचे अणू बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, धानासारखे ओळीनं बसलेले असतात. हे कण त्यांना उपटून भलतीकडे फेकतात. मागे रिकाम्या जागा राहतात, त्यांत वायूचे बुडबुडे साचतात. वरून मी चकचकीत, आतून पार ठिसूळ. डबीत परत जाऊन गुमान पडून राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

शेवटची मला टोचली ती गोंडपिपरीकडच्या गुणाबाईच्या गालात. तंबाखू धरून धरून तिथं गाठ झाली होती. सूज उतरली तशी मी सैल झाले आणि एका सकाळी तिच्या तळहातावर पडले. धानाची रोवणी तोंडावर आलेली, बाईला घरची ओढ. कोणाला न सांगता तिनं मला पदराच्या गाठीत बांधलं आणि गाव गाठलं. तिच्या गावची समजूतच तशी होती, ज्या वस्तूनं गुण आला ती परत देऊ नये, गुणही तिच्यामागे निघून जातो.

घरी तिची दीड वर्षांची नात होती, मनकर्णा. सदा किरकिरी, अंगाला मांस नाही. गुणाबाईनं मला काळ्या कापडात शिवलं आणि तिच्या गळ्यात बांधलं.

चार दिवसांनी दवाखान्यातली नर्स नीलाबाई शोधत आली. बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई, सुई तुमच्यापाशी हाय का? खरं सांगा. ते घरात ठेवाची नाई, मानूस मरते!"

"मले काय ठाऊक? कुठी पडली असन," गुणाबाई म्हणाली. "पोरीची आन घेतो!"

आणि तिनं मनकर्णाच्या छातीवर हात ठेवला. त्या हाताखाली मीच होते. माझा जीव तुटला, पण मला कुठलं तोंड? नीलाबाई डोळे पुसत परत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर गुणाबाई हसली. "मारनारी सुई असती, तं मी वाचली असती काय?"

अहो, तिच्या गालात मी मोजके दिवस होते, पोरीच्या गळ्यात तर रात्रंदिवस! आता पोरीच्या छातीवर लाल चट्टा उठलाय. आजी शेजारणीला कौतुकानं दाखवते, "पाय वो, गुण लागून राह्यला!" माझ्या अंगाला बारीक चीर गेलीय, पोटातलं हळूहळू झिरपतंय.

बाबांनो, कोणी तरी हा दोरा तोडा हो! पण ऐकतो कोण? पोरगी हल्ली दोरा फार ओढते. तो तुटून मी हरवू नये म्हणून गुणाबाईनं आज त्याला आणखी एक गाठ मारली.