सहाचा रकाना

"एक्स्क्यूज मी, द ऑरेंज फ्लॉवर... इट कम्स ॲट सिक्स, राइट?"

जयंतीबाईंनी विचारलं तेव्हा स्टेशनातल्या घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. शेजारी नर्सच्या कपड्यांवर जाड जॅकेट चढवलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "युज्वली, येस! येस्टर्डे इट वॉज ह्यूज. बट नॉट टुडे." तेवढ्यात तिची गाडी आली आणि ती गेली.

काल! काल जयंतीबाई घरी होत्या. सोमवारी इथे आल्या, तेव्हा फूल नव्हतं. बुधवारी आल्या, नव्हतं. आज शुक्रवार, आजही नाही. मंगळवारी आणि गुरुवारी मात्र अगदी भरभरून फुललं म्हणे. हे फूल आपल्यावर रुसलंय की काय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. एकाहत्तराव्या वर्षी काय काय सुचतं माणसाला!

कॅनडातल्या एडमंटनच्या त्या जमिनीखालच्या एलआरटी रेल्वे स्टेशनात भिंतभर डिजिटल पडदा लावला होता. शहरातल्या साठ घरांबाहेर बसवलेल्या यंत्रांकडून तापमानाचे, हवेतल्या ओलीचे, वाऱ्याचे आकडे सारखे येत राहायचे आणि एआय त्यांचं चित्र करायचं. वारा सुटला की पांढरे फटकारे, बर्फ पडू लागलं की करडी पिसं. जयंतीबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पडद्याखाली साठ नावं लिहिली होती, आणि तेविसावं नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं, 'शशिकांत वर्तक, मिलवुड्स'. त्या नावाच्या बरोबर वर ते फूल उमलायचं.

ही बातमी महाराष्ट्र मंडळातल्या मृणालिनीनं फोनवर दिली होती. "अगं जयंती, उणे पंचवीसमध्ये झेंडू! शशिकांतनी वरून पाठवलंय बघ तुला."

जयंतीबाई असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. पण मार्चमध्ये शशिकांतराव गेल्यापासून घर खायला उठायचं, आणि मृणालिनीचं ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. ते फूल एकदा, फक्त एकदा, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

शनिवारी दुपारी उन्मेष आला. मूळचा नागपूरचा, त्या चित्राचं कॉम्प्युटरचं काम बघणारा. दारात बूट काढतानाच त्याचा चेहरा पडलेला दिसत होता. चहा अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "काकू, सांगायला कसंतरीच वाटतंय. तुमचं वेदर स्टेशन, तेवीस नंबरचं, फॉल्टी आहे."

"फॉल्टी?" जयंतीबाईंनी कप खाली ठेवला. "यांचं?"

घरातलं घड्याळ अर्धं मिनिट मागे पडलं तरी ज्यांना घास गोड लागत नसे, चौतीस वर्षं ज्यांनी सरकारी नोकरीत नद्यांचं पाणी मोजलं, त्यांचं यंत्र चुकीचं? जयंतीबाईंना खरंच राग आला.

"बहुतेक रोज सहाच्या सुमारास टेंपरेचर एकदम सहा-सात डिग्री वर जातं. ह्युमिडिटीपण. एआयला वाटतं, स्प्रिंग आला. म्हणून ते फूल काढतं. लोकांना आवडतं हो, पण आमच्या डिरेक्टर म्हणतात, चूक ती चूक. सोमवारपर्यंत फिक्स झालं नाही तर हे स्टेशन लिस्टमधून काढतील. बॉक्स कुठेय, बघू जरा?"

घरामागच्या लाकडी डेकवर बर्फ साचलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून ती पांढरी पेटी लावलेली होती. तिच्या हातभर खाली एक्झॉस्टची जाळी. उन्मेषनं जाळीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि मग जयंतीबाईंकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही स्वयंपाक किती वाजता करता?"

"सहाला. का रे? हे सहा-वीसला ऑफिसातून यायचे ना, तेव्हाची सवय. सहाच्या ठोक्याला माझी फोडणी..."

आणि त्या थांबल्या. मंगळवारी वांगी, गुरुवारी कोबी. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सहाला त्या स्टेशनात, आणि घरी स्टोव्ह बंद. हसावं की रडावं तेच कळेना. शशिकांतरावांनी वरून पाठवलेलं फूल म्हणजे त्यांच्याच कढईतली वाफ, आणि ते बघायला जावं तर ते नसणारच!

"बॉक्स इथे लावा असं मीच म्हटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "हे त्या कुंपणाला लावणार होते. रोज बर्फातून तिथवर जायचं, पेटी पुसायची. एकदा घसरून पडले, मग मी हट्टच धरला. म्हणाले, 'इथे आकडा चुकेल.' मी म्हटलं, चुकू दे."

"पण मग काकांच्या लक्षात आलं नाही?"

हा प्रश्न जयंतीबाईंना जास्त लागला. आपल्या हट्टापायी या माणसानं अकरा वर्षं चुकीचा आकडा चालवून घेतला?

त्या बेसमेंटमध्ये गेल्या, मागोमाग उन्मेषही उतरला. शशिकांतरावांच्या टेबलावर पेटीतले आकडे दाखवणारा छोटा स्क्रीन अजून चालू होता, आणि शेजारी त्यांच्या वह्या होत्या. त्या वह्यांना जयंतीबाईंनी कधी हात लावला नव्हता. हवामानाच्या वहीत काय बघायचं! आता त्यांनी एक उघडली. पानावर तीन रकाने: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पहिल्या दोन्हींत रेखीव अक्षरात आकडे. तिसऱ्यात आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'स्वयंपाक'.

खालच्या ओळीत 'स्वयंपाक'. त्याच्या खाली 'स्वयंपाक'. पान उलटलं, वही बदलली, तरी तेच. मध्येच कुठेतरी सलग सहा आठवडे आकडे होते. तेव्हा जयंतीबाई बहिणीच्या आजारपणासाठी नाशिकला गेल्या होत्या. त्या परतल्या त्या तारखेपासून पुन्हा 'स्वयंपाक'.

त्या पायरीवरच बसल्या आणि मोकळेपणी रडल्या. उन्मेष वही हातात घेऊन अवघडून उभा राहिला.

"काकू, मी डिरेक्टरना सांगतो, असंच राहू द्या," तो म्हणाला. "नाहीतर असं करू. मी आज इथे थांबतो, सहाला पाणी उकळत ठेवतो. तुम्ही जाऊन फूल बघून या."

जयंतीबाईंनी डोळे पुसले. "तुझ्या पाण्याचं फूल बघून मी काय करू रे? मला बघायचं होतं ते बघितलं मी." मग उठत म्हणाल्या, "यांनी तो आकडा कधी धरला नाही. यांच्या नावावर आता चुकीचं काही नको. ती पेटी कुंपणाला लाव."

उन्मेषनं कुंपणापर्यंत फावड्यानं बर्फ सारून वाट केली आणि पेटी लावून दिली. जाताना त्यांनी त्याला चिवड्याची पिशवी दिली.

सहा वाजता त्यांनी तो छोटा स्क्रीन वर आणून स्टोव्हशेजारी ठेवला. उणे सत्तावीस पॉइंट चार. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंगाचा वास सुटला. त्यांनी एक्झॉस्ट लावला, भाजी घातली आणि आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेर जाळीतून वाफ निघाली आणि अंधारात विरली. भाजी शिजली तरी आकडा जागचा हलला नाही.

त्यांनी वही उघडली. मार्चनंतर सगळी पानं कोरी होती. त्यांनी तारीख घातली आणि सहाच्या रकान्यात, शशिकांतरावांसारखंच रेखीव, लिहिलं: उणे २७.४.